आमच्या घरातली मायलेकरं

अलिबागच्या एका फार्मसी कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं नोकरी केली. सुरुवातीला माझ्याकडे परीक्षांचं काम होतं. पुढे कॉलेजला परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाहेरच्या मुलांचं सगळं तुम्हीच बघा. तुमच्याकडे गल्फला जाणं-येणं असतं, पासपोर्ट-व्हिसाची तुम्हाला सवय आहे."

सवय होती हे खरं. रेवदंड्याला आमच्या मोहल्ल्यात बहुतेक घरांत कपाटातल्या दागिन्यांच्या डब्याशेजारी पासपोर्ट ठेवलेले असतात. पण ती सवय माणसं पाठवण्याची. निघताना काय बरोबर द्यायचं, विमानतळावर कुठवर सोबत करता येते, तिकडून पहिला फोन यायला किती वेळ लागतो, हे आम्हा बायकांना पाठ. परक्या देशातून कुणी आपल्याकडे येतं तेव्हा त्याला काय लागतं, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

हळूहळू शिकले. प्रवेश पक्का झाला की मी त्या मुलांना फोनवर संदेश पाठवायची. व्हिसा हातात पडला की त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. कॉलेजचं पत्र मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पोलिसांकडे परदेशी नागरिक म्हणून नोंद करायची आहे, मी बरोबर येईन. घर बदललं तर मला आधी सांगा. या व्हिसावर नोकरी चालत नाही, ओळखीच्या दुकानातसुद्धा नाही. आणि अलिबाग म्हणजे मुंबई नव्हे, इथे बोटीने यायचं असतं, हेही मी लिहायची, कारण पहिल्या वर्षी एक मुलगा मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांना दिवसभर अलिबागचा पत्ता विचारत फिरला होता.

यमनहून आलेला तो मात्र माझ्या सगळ्या सूचना पाळून आला. तिशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, पीएचडी करायला आलेला. मांडव्याच्या जेट्टीवर मी त्याला घ्यायला गेले होते. बोटीतून उतरला तो कठड्याला धरूनच उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचं गाव डोंगरातलं, समुद्रावर तो पहिल्यांदाच आला होता. मी त्याला पाणी दिलं. तो दोन घोट प्यायला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही सगळं लिहिलं होतं, बोट लागेल हे लिहायचं राहिलं."

मी हसले. मग तोही हसला. त्यानंतर माझ्या संदेशात मी ती एक ओळ वाढवली.

कॉलेजच्या हॉस्टेलात एका खोलीत चौघं असत. हा वयाने मोठा, रात्रंदिवस वाचणारा. महिनाभरात तो माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, बाहेर कुठे खोली मिळेल का? परदेशी माणसाला घर द्यायचं म्हणजे घरमालकालाही पोलिसांकडे कळवावं लागतं, तेवढ्यानेच लोक नको म्हणतात. दोन-तीन ठिकाणी नकार आला. आमच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. खाली मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. मी घरी विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे की. खोल्या काय बंद ठेवायला बांधल्यात?"

अशा रीतीने तो आमच्या वरच्या खोलीत राहायला आला. घरमालकाने भरायची ती माहिती मीच भरली. ऑफिसातून जे दुसऱ्यांना शिकवायची, ते पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी केलं.

तो मला खाला म्हणायचा. मावशीला खाला आमच्यातही म्हणतात आणि त्यांच्यातही, त्यामुळे तो शब्द शोधायला त्याला वेळ लागला नाही. पहिल्या जुम्म्याला मशिदीतून आला तो खुशीत होता. "खाला, इथे नमाज अगदी आमच्यासारखी पढतात. हात तसेच, सगळं तसंच." आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्याच्या गावचे लोकही त्याच पंथाचे. मला त्यात नवल वाटलं नव्हतं, पण त्याला तो मोठा आधार वाटला असावा. त्या दिवशी त्याने घरी फोन लावून आईला तेच सांगितलं असणार, कारण बोलता बोलता तो उठून खोलीत हात बांधून दाखवत होता.

त्याची आई फोनवर रोज असायची. तिकडची लाइन अशी की चित्र मध्येच गोठायचं. कपाळावर काळं फडकं बांधलेली, तोंड अर्धवट उघडं राहिलेली एक बाई पडद्यावर थांबून राहायची आणि हा "यम्मा, यम्मा" करत फोन हलवत बसायचा. एकदा त्याने फोन माझ्या सासूबाईंच्या हातात दिला. आम्ही अरबी वाचतो, पण बोलायला येत नाही. सासूबाईंनी ओळखीचे तेवढे शब्द वापरले. तिने काही विचारलं की या "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायच्या, आणखी काही विचारलं की "इन्शाल्लाह". तेवढ्यावर दोघींचं बरंच बोलणं झालं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"आजारी हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "बोलताना दम लागतो तिला. मला कळतं."

त्यांचं खरं निघालं. मी त्याला विचारलं तेव्हा तो आधी काही नाही म्हणाला, मग सांगू लागला. आईच्या हृदयाची एक झडप खराब झालेली होती. त्यांच्या शहरातलं चांगलं हॉस्पिटल लढाईत बंद पडलं होतं. डॉक्टर देश सोडून गेले होते. वडील आधीच वारलेले. घरी आई आणि लग्न झालेली एक बहीण.

"इकडे आणता येईल का?" त्याने विचारलं. "विद्यार्थ्याच्या व्हिसावर आईला आणता येतं का, खाला?"

उपचारासाठी यायचं तर वेगळा व्हिसा लागतो, हे मला माहीत होतं. मुंबईच्या एका हॉस्पिटलला तपासणीचे रिपोर्ट पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी बोलावल्याचं पत्र दिलं. अर्ज भरायला आम्ही दोघं बसलो. अर्जात एक प्रश्न होता, भारतात ओळखीचं कोण. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही माझं नाव, त्यात काय विचारायचं?" नातं या रकान्यात त्याने बराच विचार करून 'खाला' असं इंग्रजीत लिहिलं. मी ते खोडून 'घरमालकीण' लिहायला लावलं. अधिकाऱ्याला उगाच शंका यायला नको.

मग वाट पाहणं सुरू झालं. आमच्या घरात वाट पाहण्याची सगळ्यांनाच सवय होती, पण त्याला नव्हती. तो प्रयोगशाळेतून यायचा, पाय धुवायचा आणि फोन उघडून अर्जाची स्थिती बघायचा. कधी फेरतपासणीसाठी अमुक कागद पाठवा असं यायचं, कधी नुसतंच प्रलंबित. सासूबाई त्याला ताटावर बसवून म्हणायच्या, "खाऊन घे. उपाशी राहून कागद लवकर येत न्हाय."

व्हिसा आला. पण घरापासून एडनच्या विमानतळापर्यंतचा जवळचा रस्ता बंद होता. लढाईची आघाडी तिथेच होती. लांबच्या डोंगरातल्या वाटेने गाडी न्यावी लागणार होती. बहीण आणि तिचा नवरा आईला घेऊन निघाले. वाटेत कुठे कुठे अडवतील, म्हणून मी सगळे कागद कसे लावायचे ते त्याला सांगितलं, त्याने बहिणीला सांगितलं. विमानतळावर बहीण मागे राहिली. म्हातारीला एकटीला विमानात बसवलं.

म्हातारी असं मी मनात धरून चालले होते. मुंबईच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून तिला बाहेर आणलं, तेव्हा मी पाहिलं की ती फार तर माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. आजाराने आणि काळजीने ती वाळली होती. मुलाला पाहून ती उभी राहायला गेली आणि जमेना. तोच खाली बसला आणि तिच्या गुडघ्यांवर त्याने डोकं ठेवलं. लोक बाजूने सामानाच्या ढकलगाड्या नेत होते. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उख्ती." बहीण, असा त्याचा अर्थ. माझ्या नावाची तिला गरज पडली नाही. त्यानंतर ती मला कायम तेच म्हणत राहिली.

ती आमच्याकडे राहिली ते दिवस त्या घरातले चांगले दिवस होते, आता मागे वळून पाहताना मला तसं वाटतं. जिने चढणं तिला झेपणारं नव्हतं, म्हणून खालची माझी खोली तिला दिली आणि मी वर गेले. तो तिच्या हाकेच्या अंतरावर असावा म्हणून त्याची गादी माजघरात. पण दिवसभर ती ओट्यावर सासूबाईंजवळ असायची. सुकवलेल्या बोंबलांचा वास तिला सहन होत नसे. सुरुवातीला ती नाकाला ओढणी लावून बसायची आणि सासूबाई मुद्दाम बोंबलांची पाटी तिच्या दिशेने सरकवायच्या. मग दोघी हसायच्या. तिने येताना मध आणला होता आणि कॉफीच्या बियांची वाळलेली टरफलं. ती टरफलं आलं घालून उकळायची आणि आम्हाला प्यायला द्यायची. चहासारखं काही नव्हे, पण त्या वासाची आम्हाला सवय झाली. सकाळी चुलीपाशी ती पिठाचा गोळा हातावर आपटत मोठी भाकर थापायची. दोन भाकऱ्यांतच तिला धाप लागायची. मी पुढे झाले की मला हाताने थांबवायची.

मला वाटतं, तिला काम करायचं होतं. पाहुणी होऊन बसायचं नव्हतं.

मुंबईला तपासणीला आम्ही तिला बोटीने न्यायचो. तिला बोट लागली नाही. मुलगा डोळे मिटून बसलेला असायचा आणि ही खिडकीशी बसून पाण्यावरचे पक्षी बघायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मुलाला एकट्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याने मला सांगितलं, ऑपरेशनला उशीर झाला आहे. आता केलं तर टेबलावरच काही होऊ शकतं. औषधांवर ठेवू, ताकद आली तर पुन्हा विचार करू.

"आईला काय सांगणार?" मी विचारलं.

"ताकद आली तर करतील, एवढंच."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. परत येताना तिने त्याला एकच गोष्ट विचारली, ती त्याने मला नंतर सांगितली. "तुझी डिग्री कधी मिळणार?" तो म्हणाला, दोन वर्षं. ती म्हणाली, "ठीक आहे."

तिचा व्हिसा संपत आला तेव्हा मुदत वाढवून घ्यावी लागली. अलिबागच्या पोलीस कार्यालयात परदेशी लोकांची शाखा आहे. तिथले एक फौजदार आता मला ओळखत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पंख्याखाली सरकवली. फोटोशी चेहरा जुळवून बघताना ते म्हणाले, "तब्येत उतरलीय आजींची." सोबत आलेल्या तिच्या मुलाला मी हे इंग्रजीत करून सांगितलं नाही. तिने मात्र आपले हात उघडून दुआ मागितली, त्यांच्या मुलाबाळांसाठी. फौजदार जरा बावरले आणि मग हात जोडून म्हणाले, "बरं बरं, आजी."

मुदत वाढली. ती मुदत संपायच्या आत त्याची आई गेली.

दुपारची वेळ होती. जेवणं झाली होती. मी रजेवर होते म्हणून घरीच होते. सासूबाई तिच्याशेजारी पडल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली, "गो, जरा इकडं ये." आवाज नेहमीसारखा होता, म्हणून मी हातातलं भांडं पुसून गेले. ती कुशीवर होती, हात उशाखाली, झोपलेल्या माणसासारखा. सासूबाई म्हणाल्या, "ती गेली. मी आत्ता हात लावला." आणि त्यांनी कलमा पढायला सुरुवात केली.

तो प्रयोगशाळेत होता. मी फोन केला आणि घरी ये म्हटलं. रिक्षातून उतरून तो धावत आला आणि दारातच थांबला. मग सावकाश आत गेला. मी दार ओढून घेतलं.

गावातले डॉक्टर येऊन गेले, पोलिसांना कळवलं. परदेशी माणूस वारला की पोलिसांना कळवावं लागतं, त्याच्या वकिलातीलाही. तेच फौजदार स्वतः आले. बूट बाहेर काढून ते ओट्यावरच बसले. पासपोर्ट मागितला, नोंद केली. मग हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, एक विचारायला लागतं. बॉडी नेणार आहेत का ते?"

मी आत जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, "बहिणीशी बोलतो."

बहिणीशी बोलला, मामांशी बोलला. लाइन तुटत होती, पुन्हा लागत होती. कुणी म्हणालं आणा, कुणी म्हणालं कसं आणणार. विमान कधी मिळेल याचा भरवसा नाही. एडनला पोचली तरी पुढे डोंगरातला तो रस्ता, चौक्या, उन्हाळा. अखेर तो फोन खाली ठेवून माझ्याजवळ येऊन बसला. "खाला, तुम्ही काय केलं असतं?"

माझ्या नवऱ्याचं त्याला फक्त एवढंच माहीत होतं की ते हयात नाहीत. मी त्याला सांगितलं. ते सौदीत दम्मामला बंदरावर क्रेन चालवायचे. एके सकाळी उठले नाहीत. त्यांच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला. आधी थोरल्या दिरांनी घेतला, मग आत निरोप आला. मय्यत घरी आणायला कागदपत्रांना आठवडे लागतील, तोवर ती तिथल्या शवागारात राहील. नाहीतर उद्या जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर तिथेच माती देऊ. तुझं काय म्हणणं? मी बायकांच्या घोळक्यात बसले होते. मी म्हटलं, तिथेच द्या. माणसाला वाट बघायला लावू नका.

"आणि मग?" त्याने विचारलं.

"मग काय? त्यांनी माती दिली. तिकडे कबरीवर नाव लावत नाहीत. जागा ज्याला माहीत होती तो माणूस नोकरी संपवून गावी आला आणि तोही वारला."

तो म्हणाला, "इथे नाव लावतात ना?"

"लावतात."

"मग इथेच."

मी फौजदारांना तसं सांगितलं. जमातीच्या लोकांनी जागा दिली, बाई कुठली, कुणाची, असं एका शब्दाने विचारलं नाही. आम्ही बायकांनी तिला आंघोळ घातली. सासूबाईंनी पाणी ओतलं, मी आणि शेजारणींनी हात चालवले. तिच्या उजव्या खांद्यावर भाजल्याची जुनी खूण होती, कशाची ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुलालाही ते विचारायला मला धीर झाला नाही. कफन बांधताना सासूबाई तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. आमच्या बोलीतच बोलल्या. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी असरच्या, दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर जनाजा उठला. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं असे कितीतरी लोक खांदा द्यायला आले होते. मासेमारीवरून आलेले, दुकानं बंद करून आलेले. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी आणि सासूबाई दारात उभ्या राहिलो, गल्लीच्या वळणापर्यंत दिसलं तेवढं पाहिलं. त्याच संध्याकाळी तिच्या गावीही तिच्यासाठी नमाज झाली, ती तिथे नसताना. बहिणीने ती फोनवर दाखवली. शाळेच्या आवारात रांगा होत्या आणि समोर मोकळी जमीन.

त्यानंतर तो कामाला लागला तो असा की घरात आहे की नाही कळू नये. खालची खोली मी पुन्हा घेतली नाही, त्याच्याकडे राहू दिली. तिची टरफलांची बरणी तशीच फडताळात होती. एकदा सासूबाईंनी ती उकळून बघितली, पण आमच्या हातची चव वेगळी आली. कुणी प्यायलं नाही. जुम्म्याची नमाज झाली की तो कब्रस्तानात जाऊन बसायचा. तिथे उंडीची मोठी झाडं आहेत, त्यांच्या सावलीत जागा मिळाली होती. नावाचा दगड त्याने स्वतः अलिबागहून करून आणला. अरबीत आणि मराठीत. मराठीतलं नाव कसं लिहायचं, हे त्याने मला विचारलं. मी लिहून दिलं, आणि ते दगडावर आलेलं मी कुंपणाबाहेरून वाचलं.

त्याचा प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षेच्या दिवशी तो काळा कोट घालून बाहेर आला आणि सासूबाईंसमोर उभा राहिला. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. संध्याकाळी परत आला तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता. लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले. त्याने एक पेढा खाल्ला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शिक्षण संपलं की विद्यार्थ्याचा व्हिसा संपतो. हे मी त्याला पहिल्याच संदेशात लिहिलेलं होतं आणि तेच मला पुन्हा त्याच्या तोंडावर सांगावं लागलं. तो ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन बसला होता, पहिल्या महिन्यात बसला होता तसाच.

"खाला, राहण्यासाठी दुसरा कुठला व्हिसा असतो का? नोकरी नको. नुसतं राहायचं."

"कशासाठी म्हणून लिहायचं?"

"आई इथे आहे, असं."

मी त्याच्यासमोर सगळे प्रकार उघडले. शिक्षण, संशोधन, नोकरी, उपचार, पर्यटन, परिषद. ते मला पाठ होते, तरी मी एकेक वाचत गेले. कबरीजवळ राहण्यासाठी व्हिसा नव्हता. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली नाही. तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. मी म्हटलं, "मागाहून पर्यटक म्हणून येऊ शकशील. अर्ज मी भरून देईन."

"बरं," तो म्हणाला.

घरी परत जाणं त्याला शक्य नव्हतं. त्याच्या वयाच्या पुरुषांना तिकडे त्या लढाईत काय करायला लावतात, ते तो बोलत नसे, पण मला समजत होतं. एका ओळखीच्याने यमनसमोर, समुद्रापलीकडच्या जिबूतीत औषधाच्या दुकानात काम मिळवून दिलं. निघायच्या आदल्या दिवशी तो असरनंतर कब्रस्तानात गेला आणि मगरिबच्या, सूर्यास्ताच्या अजानपर्यंत आला नाही. सासूबाई ओट्यावर बसून राहिल्या. तो आला, त्यांच्या पायाशी बसला आणि हिंदीत म्हणाला, "अम्मा, आप देखना."

"देखेगी," सासूबाई म्हणाल्या. "मैं मरेगी ना, उसके बाजूमेंच जाऊंगी."

मांडव्याला मी एकटीच त्याला सोडायला गेले. बाहेर पडताना लागणारे कागद मी तपासले, नोंदणी रद्द केल्याचा, कॉलेजचा, पोलिसांचा. सगळं बरोबर होतं. बोटीवर चढताना तो मला मिठी मारायला पुढे झाला आणि लाजून थांबला. मीच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोट सुटली तेव्हा तो मागच्या बाजूला येऊन उभा राहिला. मी हात हलवला. त्याने हलवला नाही, कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

पहिलं वर्षभर त्याचे फोन येत होते. मी कुंपणाबाहेरून कबरीचा फोटो काढून पाठवायची. झाडाचा पाला पडला असेल तर कुणाला तरी सांगून झाडून घ्यायची आणि मगच फोटो काढायची. तिच्या वर्षश्राद्धासारखा दिवस आमच्यातही काही घरांत पाळतात. त्याला तेव्हा यायचं होतं. अर्ज मी भरून दिला. उत्तर आलं नाही, आणि मग नाही असं आलं. कारण लिहिलेलं नसतं. त्याने पुन्हा अर्ज करायचा का विचारलं, मी म्हटलं थोडं थांबू. दरम्यान सासूबाई थकत गेल्या. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तो जेवतो का गो तिकडं नीट?" मी म्हटलं, जेवतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. त्यांना हवी होती ती जागा नव्हती, शेजारच्या दोन्ही जागा आधीच भरल्या होत्या. जरा लांब, भिंतीकडे मिळाली. मी त्याला कळवलं, तर तो फोनवर इतका रडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

मग त्याने जिबूती सोडलं. पुढे कुठे चाललोय हे त्याने नीट सांगितलं नाही. उत्तरेकडे, एवढंच म्हणाला. मी त्याला काही विचारलं नाही. कागदांशिवाय चोरवाटेने निघालेल्या माणसाला फोनवर विचारू नये, हे आता मला कळतं. एकदा एका परक्या नंबरवरून त्याचा आवाज आला, "खाला, मी ठीक आहे, आईचा फोटो पाठवा." मी पाठवला.

गेल्या ईदला त्याचा फोन आला नाही. मी केला, तर नंबर बंद लागला. त्याच्या बहिणीला विचारलं, तिलाही काही कळलेलं नव्हतं. कॉलेजमध्ये आता यमनचे दोघं-तिघं मुलगे आहेत. त्यांना मी नाव सांगून ठेवलं आहे. ते आपापल्या लोकांना विचारतात आणि येऊन मान हलवतात.

मी अजून विचारतेच आहे.